घरचा आवाज

सिनेमा सुरू होऊन बराच वेळ झाला तरी पडद्यावर कुणी तोंड उघडायला तयार नव्हतं. उजाड माळरान, वारा, आणि घोड्यावर बसलेला एक माणूस. घोडा चालत होता. मग थांबला. पाणी प्यायला. मग परत चालायला लागला.

"अगं, हा चाललाय कुठं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांची कुजबुज म्हणजे चार रांगांना ऐकू जाईल अशी.

"माहीत नाही, आई."

"त्याला तरी माहीत आहे का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. दुपारचा खेळ होता. थिएटरात मोजकी डोकी, त्यातली निम्मी गारव्याला झोप काढायला आलेली. एरवी मीही हसले असते. पण मी खुर्चीच्या कडेवर बसले होते, दोन्ही हात मांडीखाली दाबून, आणि त्या दाढीवाल्याच्या ओठांकडे टक लावून बघत होते. त्यानं तोंड उघडलं की त्यातून माझा नवरा बोलणार होता. आणि नवऱ्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

नीट सांगते. माझा नवरा डबिंग करायचा. परक्या भाषेतला सिनेमा आपल्या भाषेत येतो, तेव्हा पडद्यावरचा माणूस नुसते ओठ हलवतो आणि बोलणारा दुसराच कुणीतरी असतो. तो दुसराच कुणीतरी म्हणजे हा. उभा जन्म यानं काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून, दुसऱ्यांच्या तोंडी शब्द घालण्यात काढला. खलनायकाचा उजवा हात, तुरुंगाचा अधिकारी, बोलणारं अस्वल, दारुडा, त्या दारुड्याचा मित्र. बहुतेक वेळा मध्यंतराच्या आत मरायचा. संध्याकाळी घरी आला की मी विचारायची, "आज कशानं गेलास?"

"विहिरीत पडून."

"लागलं नाही ना?"

असा आमचा संसार चालला होता, आणि चांगला चालला होता.

त्याला एक खोड होती. समोर माइक आला की त्याचा स्वतःचा आवाज कुठल्या कुठं पळून जायचा. फोनवर साधा व्हिडिओ काढायला घेतला तरी हा लगेच अस्वल व्हायचा. माझ्या फोनमध्ये त्याचे ढिगानं व्हिडिओ आहेत. वाढदिवसाला अस्वल, सहलीला तुरुंगाधिकारी, मी तापानं पडले होते तेव्हा धाडलेल्या निरोपात बोळक्या तोंडाची म्हातारी. त्याचा स्वतःचा आवाज एकातही नाही. तेव्हा मी पोट धरून हसायची. आता वाटतं, त्याच्या पाठीत एक धपाटा घालून म्हणायला हवं होतं, अरे मेल्या, एकदा तरी नीट बोल.

तो आवाज तसा काही खास नव्हता. जरा सर्दी झाल्यासारखा. वाक्य संपत आलं की खाली बसायचा. "किल्ली घेतलीस का" यातला 'का' कधी माझ्या कानापर्यंत पोचलाच नाही, मी तो आपला धरून चालायची. सासूबाई तर कायम करवादायच्या, "बाहेर गर्जना करतो आणि घरात पुटपुटतो." पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

मग हा सिनेमा आला. एका नामांकित दरोडेखोराची गोष्ट. मुलखात त्याच्या नावाचा दरारा, त्याच्यावर लोकांनी गाणी रचलेली, त्याला पकडून देणाऱ्याला इनाम लावलेलं. आणि सिनेमात तो पार थकलेला, कुठंतरी जाऊन शांतपणे मरावं म्हणून निघालेला. नवऱ्याला चक्क त्या दरोडेखोराचंच काम मिळालं. आल्या आल्या आईच्या खोलीत जाऊन म्हणाला, "आई, मी हिरो झालो!" मग आम्ही कागद उघडून बघितले तर हिरोला बोलायलाच फारसं काही नाही.

"इतकी वर्षं थांबलास आणि मिळाला तोही मुका," मी म्हटलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मात्र चेहरा पाडून आला. त्यांचे डबिंग डायरेक्टर, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, ते त्याला म्हणाले होते, "या माणसाला आवाज काढू नकोस. घरी बायकोशी बोलतोस तसं बोल."

"मी घरी कसा बोलतो ग?" त्यानं मला विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं.

मी कांदा चिरत होते. म्हटलं, "हे आत्ता बोललास ना, तसा."

त्यानं ते धरून ठेवलं. मग रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसायचा. मी त्याला घरातलं काहीतरी विचारायचं, त्यानं उत्तर द्यायचं आणि त्याच दमात, त्याच सुरात सिनेमातलं वाक्य म्हणायचं.

"दूध संपलं का रे?"

"संपलं. मी कुणाला मारायला आलो नाही, बाई. मला फक्त पाणी हवंय."

अशी सगळी वाक्यं माझी पाठ झाली. दुधाबरोबर एक, इस्त्रीच्या कपड्यांबरोबर एक, गळक्या नळाबरोबर दोन. ज्या दिवशी काम पुरं झालं, त्या दिवशी तो घरी येऊन स्टुलावर बसला. मग म्हणाला, "मास्तर म्हणाले, हाच तुझा सगळ्यात चांगला आवाज. इतकी वर्षं कुठं लपवला होतास?" आणि लाजला. एवढा बाप्या माणूस, पण लाजला.

सिनेमाला मात्र नकटीच्या लग्नासारखी सतराशे विघ्नं आली. प्रदर्शन पुढं पुढं जात राहिलं. आणि एका साध्यासुध्या सकाळी बूट घालताना त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात त्यांनी मला खाली औषधं आणायला पाठवलं. मी पिशवी घेऊन वर आले तेव्हा पलंगाभोवतीचा पडदा ओढून घेतलेला होता.

सुरुवातीला तो माझ्या डोक्यात सारखा बोलायचा. बाहेर पडताना किल्लीची आठवण करून द्यायचा, भाजीवाल्याशी घासाघीस करायला लागले की "जाऊ दे ना" म्हणायचा. मग एक दिवस भांडी लावताना मी त्याचं ते किल्लीचं वाक्य आठवायला गेले, आणि शब्द आठवले, आवाज आठवेना. पुन्हा प्रयत्न केला तर अस्वल बोलायला लागलं. मी भांडी तशीच टाकून जमिनीवर बसले. एकदा गेला तेव्हा मी तिथं नव्हते. आता माझ्या देखत पुन्हा जात होता आणि मला काही करता येत नव्हतं.

आणि मग रस्त्यात त्या सिनेमाचं पोस्टर दिसलं. सगळ्या जगात त्याचा स्वतःचा आवाज त्या एकाच ठिकाणी होता. मी तिथल्या तिथं दोन तिकिटं काढली. सासूबाईंना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, पण त्या आदल्या दिवसापासून तयार. "मला कुठं बघायचाय? मी ऐकायला येते," म्हणाल्या.

तर घोडा अखेर एका घरापाशी थांबला. दारात एक बाई बंदूक रोखून उभी राहिली. दाढीवाला खाली उतरला, त्यानं टोपी काढली. तो आता काय म्हणणार ते मला ठाऊक होतं. माझ्याही ओठांवर ते वाक्य आलं. त्याचे ओठ हलले.

"मी कुणाला मारायला आलो नाही, बाई."

आवाज आडात बोलल्यासारखा घुमला. खर्जातला, भरदार, खुर्चीचा हात थरथरवणारा. माझ्या नवऱ्याचा नव्हता.

क्षणभर वाटलं, यानंच मास्तरांचं न ऐकता शेवटी आवाज काढला असेल, जित्याची खोड. पण त्याचे सगळे आवाज मला पाठ आहेत. त्यातला हा नव्हता. हा कुणीतरी परका माणूस माझ्या स्वयंपाकघरातली वाक्यं बोलत होता.

तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट घट्ट पकडलं. "आला! अगं, आला माझा!"

मी त्यांच्याकडे बघितलं. पडद्याचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बघ कसा बोलतोय," त्या म्हणाल्या. "वाघासारखा!"

त्यांचंही काही चुकलं नव्हतं. सिनेमातला मुलगा त्यांना आवाजावरून कधी ओळखूच आला नव्हता. टीव्हीवर काहीही लागलं की तो सांगायचा, "आई, हा मी," आणि त्या मान डोलवायच्या. अस्वल तो, दारुडा तो, मग हा वाघ तो का नसावा? त्यानं स्वतः सांगितलं होतं ना, मी हिरो झालो म्हणून.

"हो आई," मी म्हटलं. "आला."

यापेक्षा थोबाडीत बसली असती तर परवडलं असतं. मला ओरडावंसं वाटत होतं, उठून त्या पडद्यावर चप्पल फेकावीशी वाटत होती. पण त्या माझं मनगट सोडत नव्हत्या. दर थोड्या वेळानं तो परका गरजायचा आणि त्या माझा हात दाबायच्या. त्यांच्या हाती त्यांचा मुलगा लागला होता. मी तोंडाला कुलूप लावून बसून राहिले.

सिनेमा आपल्या गतीनं, म्हणजे गोगलगाईच्या गतीनं, चालला होता. दरोडेखोरानं लाकडं गोळा केली. शेकोटी पेटवली. घोड्याचं खोगीर काढलं, ते उशाला घेतलं आणि आडवा झाला. कॅमेरा नुसता त्याच्यावर थांबून राहिला. सासूबाईंनी जांभई दिली. "झोपला वाटतं. बोलायला लागला की सांग हं मला," म्हणाल्या आणि त्यांनीही डोळे मिटले.

थिएटर शांत झालं. आणि त्या शांततेत मला श्वास ऐकू आला.

आत घेताना लांबलेला, वर गेल्यावर क्षणभर अडकलेला, आणि मग नाकातून बारीक शिट्टी वाजवत सुटणारा. लहानपणी चेंडू लागून त्याच्या नाकाचं हाड वाकलं होतं. ती शिट्टी ऐकत मी लग्नानंतरच्या सगळ्या रात्री काढल्या होत्या. तिच्यावरून भांडले होते, त्याला कुशीवर ढकललं होतं, उशी घेऊन बाहेरच्या खोलीत गेले होते आणि झोप येईना म्हणून परत आले होते.

तेव्हा मला आठवलं, काम संपता संपता एका दिवशी तो म्हणाला होता, "आज बोललोच नाही. दिवसभर नुसते उसासे टाकून आलो." मी म्हटलं होतं, "मग घरीच टाकायचेस, मी ऐकले असते." श्वास, धापा, कण्हणं, हे सगळं स्टुडिओत शब्दांपासून वेगळं रेकॉर्ड करायचे.

मी डोळे मिटून घेतले. दरोडेखोर गेला, माळरान गेलं. माझ्या शेजारी माझा नवरा झोपला होता. पुढ्यात कुणी बसलेलं नव्हतं म्हणून बरं, कारण मी तोंडावर पदर दाबून ढसाढसा रडत होते आणि मला आनंदही होत होता. दोन्ही एकदम होतं हे मला माहीत नव्हतं.

नंतर मी शब्दांकडे लक्षच दिलं नाही. दोन शब्दांच्या मधे काय ते ऐकत राहिले. घोड्यावर चढताना "हं", जखम धुताना दातांतून ओढलेली हवा. बोलणं सासूबाईंचं आणि उरलेलं माझं, अशी आम्ही दोघींनी न ठरवता वाटणी करून घेतली.

शेवटी त्याला गोळी लागली. सिनेमा असा की मरायलाही त्यानं सावकाश घेतलं. एका पडक्या भिंतीला टेकून तो बसला, ऊन उतरत होतं, समोर घोडा उभा. बोलणं काहीच नाही. फक्त श्वास. ती शिट्टी आता तुटत होती. एक यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग अजून एक. तो कितीतरी सिनेमांत मेला होता आणि दर वेळी आम्ही त्यावर हसलो होतो. हे मी कधी ऐकलं नव्हतं. खरं झालं तेव्हा मी खाली औषधांच्या खिडकीपाशी उभी होते. एक श्वास आला, अडकला, आणि नेहमीसारखा सुटलाच नाही. मी वाट बघत राहिले. मग दिवे लागले.

सासूबाई स्वच्छतागृहात गेल्या तेव्हा मी बाहेरच्या व्हरांड्यातून मास्तरांना फोन लावला. माझं नाव दिसताच त्यांना कळलं असावं.

"वहिनी," ते म्हणाले. "बघितलात?"

"कुणाचा आवाज आहे तो?"

"आहे एक नवा मुलगा. मी खूप भांडलो, वहिनी. पण ज्यानं सिनेमा विकत घेतला ना, तो ऐकेना."

"काय वाईट होतं त्याच्यात?"

"तो म्हणाला, हा दरोडेखोर वाटतच नाही. याला कोण घाबरणार? हा तर कुणाचा तरी नवरा वाटतो."

पॉपकॉर्नवाला मोकळे डबे एकात एक घालत होता, मी त्याच्याकडे बघत राहिले.

"मूळचं रेकॉर्डिंग कुठं आहे?" मी विचारलं.

"पुसलं. डिस्क पुढच्या कामाला घेतात. मला त्या वेळी सुचलंच नाही हो. आणि नंतर तुम्हाला कळवायचा धीर होईना." मग घाईघाईनं म्हणाले, "पण श्वास त्याचेच ठेवलेत. ते परत घ्यायला वेळ नव्हता."

"माहीत आहे," मी म्हटलं. "आणि तो माणूस बरोबर बोलला. नवराच होता." मी फोन ठेवला.

सासूबाई भिंत चाचपत आल्या. चेहरा नुसता फुलला होता. रिक्षात बसल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काय आवाज होता ग! घरी का नाही असा बोलायचा कधी?"

"घरी यायचा तेव्हा थकलेला असायचा, आई."

"हं," त्या म्हणाल्या. "उद्या परत यायचं हं आपण. मला पुन्हा ऐकायचाय."

दुसऱ्या दिवशी परत गेलो. त्याच खुर्च्या मागून घेतल्या. आता कुठं काय येतं ते मला माहीत होतं. तो गरजला की मी सासूबाईंना कोपरानं उठवायची आणि स्वतः खाली बघत बसायची. सगळं शांत झालं की त्या पेंगायच्या आणि मी डोळे मिटायची. शेकोटीपाशी तो झोपला तेव्हा मी माझा श्वास त्याच्या श्वासाबरोबर लावून बघितला. पूर्वी असं करता करता मला झोप लागायची.

मग गोळी लागली. तो भिंतीला टेकला. ऊन उतरायला लागलं. शिट्टी तुटायला लागली, आणि मला कळलं की हे मी दुसऱ्यांदा ऐकू शकणार नाही.

मी उठले. सासूबाईंचा दंड धरला. "चला आई."

"कुठं?"

"घरी. संपला सिनेमा."

"संपला कसा?" त्यांनी खुर्ची धरून ठेवली. "अगं, अजून मेला नाही तो!"

"शूऽऽ!" मागून कुणीतरी केलं. मी त्यांना जवळजवळ उचलूनच उभं केलं आणि अंधारात पायऱ्या चढायला लागले.

"अगं, काय हे! जिवंत आहे तो!" त्या पायरीगणिक थांबत होत्या, मोठ्यानं भांडत होत्या. "श्वास चाललाय त्याचा, मला ऐकू येतोय!"

"हो ना आई," मी म्हटलं. "म्हणूनच चला."

मी खांद्यानं दार ढकललं, त्यांना आधी बाहेर काढलं, आणि आतून त्याचा श्वास ऐकू येत होता तोवरच दार सोडून दिलं.